मनगटावरचा हिशेब

पन्नाशी उलटल्यावर रक्तातील साखर वाढली, तेव्हा भाच्याने दोन हजार रुपयांचे स्मार्टवॉच माझ्या मनगटावर बांधले. त्याच्या मागील बाजूस हिरवा प्रकाश लुकलुकतो. रक्त तो शोषून घेते आणि त्या शोषणातील चढउतारावरून नाडीचे ठोके मोजले जातात. पावले मात्र हाताच्या हालचालीवरून. त्यामुळे धुपाटणे हलविले की माझ्या खाती फुकटची पावले जमा होतात! दहा हजारांचे लक्ष्यही वैद्यकशास्त्रातून नव्हे, तर १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आले. हे ठाऊक असूनही रात्री खोलीत येरझारा घालून मी आकडा पुरा करीत असे. साखर उतरली, हे नाकारणार नाही.

गेल्या आगमनकाळात अंथरुणाला खिळलेल्या एका आजींना कम्युनियन देऊन त्यांचा हात हाती घेऊन बसलो होतो. तासाभराने घड्याळ थरथरले : उठा, चाला. ती थरथर त्यांच्या बोटांनाही जाणवली.

"फादर, निघायचंय का?"

"नाही, आजी," मी म्हणालो. पण तोवर माझी नजर मनगटाकडे गेली होती, आणि ते त्यांनी पाहिले होते.