ठिपके गेल्यानंतर

पाचव्या दिवशी सकाळी निळ्या टँग माशाच्या अंगावरचे सगळे ठिपके गेले होते. मिठाचे कण चिकटावेत तसे ते चार दिवस त्याच्या परांवर होते. आता कातडी लख्ख. घरात आनंदीआनंद झाला. मी औषध थांबवलं आणि त्याला मोठ्या टाकीत परत सोडलं. दोन आठवड्यांत त्या टाकीतले सातपैकी पाच मासे मेले. टँग त्यांतलाच एक.

रोग गेला नव्हता, नुसता अंगावरून खाली उतरला होता. क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी माशाच्या कातडीत तीन ते सात दिवस पोसतो, मग गळून तळाशी जातो, दगडावाळूवर कोश करतो. एकेका कोशातून शेकडो पिल्लं निघतात आणि पोहत मासा शोधतात. समुद्रात त्यांतली बहुतेक वाया जातात. टाकीत मासा दोन वितींवर असतो. औषधातलं तांबं मारतं ते या पोहणाऱ्या पिल्लांना; कातडीतल्या आणि कोशातल्या जिवापर्यंत ते पोचत नाही. म्हणून ठिपके दिसोत न दिसोत, मी ३० दिवस तांबं चालू ठेवते. मोठी टाकी त्याहूनही जास्त दिवस माशांवाचून रिकामी. कोश फुटायला ७२ दिवस लागल्याचीही नोंद आहे, म्हणून मी ७६ मोजते.

हे औषध मोठ्या टाकीत घालता येत नाही. दगडी प्रवाळ आपल्याकडे कायद्यानं संरक्षित आहेत, ते मी ठेवत नाही. पण झिंगे आणि गोगलगायी आहेत, त्या तांब्यानं मरतात. शिवाय चुनखडीचे दगड तांबं शोषून घेतात, मग मात्रा हाती राहत नाही. म्हणून मागच्या खोलीत चाळीस लिटरची वेगळी टाकी आहे. वाळू नाही, दगड नाही. लपायला पीव्हीसीचे एल्बो, हवेसाठी पंप आणि एक स्पंज. हा स्पंज महिनाभर आधी मोठ्या टाकीत ठेवून पिकवावा लागतो, म्हणजे त्यात अमोनिया खाणारे जिवाणू वसतात. कोरा स्पंज ठेवला तर मासा रोगाआधी स्वतःच्याच अमोनियानं मरेल. आणि तांबं असलेल्या पाण्यात अमोनिया मारणारं रसायन ओतायचं नाही. दोन्ही मिळून विष होतं. अमोनिया वाढला की पाणी बदलायचं, आणि नव्या पाण्यात तांबं आधीच मोजून मिसळायचं. चिलेटेड (बांधलेल्या) तांब्याची माझी मात्रा लिटरला दोन मिलिग्रॅम, तीही तीन-चार दिवसांत चढवत नेलेली.

मी वर्ध्याला राहते; इथून मुंबई रेल्वेनं साडेसातशे किलोमीटर. समुद्राचं पाणी इथे घरीच तयार करायचं : आरओचं पाणी, लिटरला ३५ ग्रॅम सागरी मीठ. मासा पिशवीत रात्र काढून येतो. बंद पिशवीत त्याच्या श्वासानं पाणी आम्ल होतं आणि अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की तोच अमोनिया विषारी होऊ लागतो. थेंबथेंब पाणी मिसळत तासभर बसणं अशा वेळी घातक असतं. मी पिशवीतल्या पाण्याचा खारटपणा आधी विचारून घेते, वेगळ्या टाकीचं पाणी तसंच करून ठेवते, आणि पिशवी उघडताच मासा त्यात सोडते.

मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असतात. कोमट पाण्यात प्राणवायू कमी, आणि आजारी माशाचे कल्ले आधीच थकलेले. पाण्यावर छोटा पंखा लावला की आपल्याकडच्या कोरड्या हवेत पाणी तीन-चार अंशांनी उतरतं. तेवढं पाणी उडूनही जातं, पण मीठ मागेच राहतं. म्हणून रोज साधं पाणी भरायचं, खारं नाही. वीज जाते तेव्हा बॅटरीवरचा पंप.

सासूबाईंना ही मागची खोली सुरुवातीला खुपायची. ‘बिचाऱ्याला एकटं कोंडलंस,’ म्हणायच्या. मला सेवाग्राम आठवायचं. महारोग झालेल्या परचुरे शास्त्रींसाठी आश्रमाच्या आवारातच वेगळी कुटी बांधली होती. गांधीजी रोज तिथे जाऊन स्वतः त्यांची मालिश करत. ती कुटी आजही आहे. माशाशी तिची बरोबरी नाही, पण वेगळं ठेवलेल्याकडे जास्त वेळा जायचं असतं, हे मी तिथे शिकले. वेगळ्या टाकीपाशी मी दिवसातून चार वेळा बसते : खातो का, श्वास किती जलद, अंग घासतो का. मोठ्या टाकीत दगडाआड हे काहीच दिसत नाही.

आता सासूबाईच सकाळी पहिल्यांदा तिकडे जातात आणि श्वास मोजतात.

खाऱ्या पाण्याचा मासा घ्यायचा असेल तर दुसरी टाकी आधी घ्या. स्पंज पिकू द्या, तांबं मोजायचं किट आणा, मग मासा मागवा. आणि ठिपके गेले की त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करून औषध चालू ठेवा.