न गुंतणारी वायर

गुंता पडला की माणसाच्या स्वभावाची परीक्षा होते. पतंगाचा मांजा गुंतला तर एक जण तो तोडून मोकळा होतो. दुसरा हिसके देऊन गाठ अधिकच घट्ट करतो. आणि तिसरा, बहुधा ज्याच्या हाती पतंग कधीच येत नाही असा धाकटा भाऊ, पायरीवर बसून तासभर तो सोडवीत राहतो. पण गुंता मुळी पडूच नये अशी तजवीज करणारा एक चौथा माणूसही असतो, हे मला अगदी अलीकडे, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजमध्ये समजले.

ह्या चौथ्या माणसाचे नाव ब्रायन स्क्यूरा. त्याने सोडविलेला प्रश्न ऐकून तुम्हांला कदाचित हसू येईल. सायकलचे हँडल गरगर फिरवले तर मागच्या ब्रेकची वायर गुंडाळली जाते, तिचे काय करावे? तुम्ही म्हणाल, हँडल गरगर फिरवावेच कशाला? आपल्याकडे ते बोटभर वाकडे झाले तरी आपण दुकान गाठतो! पण तिकडे बीएमएक्स नावाची वीस इंची चाकांची, बुटकी आणि दणकट सायकल असते. १९७० च्या सुमारास मोटारसायकलच्या शर्यतींची नक्कल करीत पोरे तसल्या सायकली मातीतून पळवू लागली. पुढे बॉब हारोसारख्या तरुणांनी शर्यती सोडून नुसत्या कसरती सुरू केल्या. १९८२ च्या ‘ई. टी.’ ह्या चित्रपटात सायकली पिटाळणाऱ्यांत हा हारोही होता. एका चाकावर नाचायचे, उडी मारून हवेतच हँडल पुरते फिरवायचे, नाहीतर हँडल धरून ठेवून सारी सायकलच त्याच्याभोवती फिरवायची, असे ते खेळ. एकदोन फेऱ्या झाल्या की वायर ताणली जाई आणि खेळ अडे. मग कोणी ती वायर हातभर लांब ठेवी आणि उलट्या फेऱ्या घेऊन उलगडी. कोणी ब्रेकच काढून टाकी. तसे काढून टाकणारे आजही पुष्कळ आहेत.

स्क्यूराने १९८० च्या दशकाच्या मध्यावर एक कडी बनविली आणि तिला नाव दिले ‘ओरिग’. ‘गायरो’ ह्या शब्दाची इंग्रजी अक्षरे उलटी लिहिली की ‘ओरिग’ होते. लहानपणी मोठ्यांना कळू नये म्हणून ‘च’च्या भाषेत बोललेल्यांना ह्यातली गंमत सांगायला नको. पुढे ओडिसी नावाच्या कंपनीने ती कडी ‘गायरो’ ह्या सरळ नावानेच घरोघरी पोचविली.

आता माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकाचा ह्या लोखंडाशी संबंध काय? संबंध आमच्या दाजींमुळे आला. ताईचे यजमान जन्माने आणि वाढीने तिकडचे. त्यांचे वडील नागपूरहून तिकडे गेलेले इंजिनिअर. मुलगा अकरा वर्षांचा झाला तेव्हा, १९८६ साली, त्यांनी काटकसर करून त्याला एक हारो सायकल घेऊन दिली आणि वर बजावले, “जपून चालव.” गेल्या वर्षी ते वारले. घर आवरताना ती सायकल माळ्यावर सापडली, आणि तेव्हापासून दाजी रोज रात्री गॅरेजमध्ये जाऊन बसू लागले. रंग, मुठी, सीट, सारे त्या सालचेच हवे, असा त्यांचा हट्ट. कडीसुद्धा त्या काळातलीच हवी म्हणून एका संग्राहकाकडून त्यांनी एक जुनी कडी चांगली किंमत मोजून मिळविली होती.

मी तेथे गेलो तो ती बसविण्याच्या मुहूर्तावरच. पाने हातात देण्याचे काम माझ्याकडे आले.

कडी निवडताना पहिला प्रश्न मापाचा. जुन्या सायकलींच्या पुढच्या फोर्कची नळी एक इंच जाडीची, नंतरच्यांची सव्वा इंचाला थोडी कमी, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश. एकाची ताटली दुसऱ्याला चालत नाही. दुसरा प्रश्न, फ्रेमला कडीसाठी बोंडे आहेत की नाहीत? जुन्या फ्रेमना बहुधा ती नसतात. तेथे वेगळी पट्टी बसवावी लागते. तिसरा प्रश्न पुढच्या ब्रेकचा. त्याला कडी लागतच नाही. हँडलच्या मधोमध असलेला बोल्ट पोकळ घ्यायचा आणि वायर त्यातून थेट फोर्कच्या नळीत सोडायची, की झाले.

कडीची रचना मात्र मला फार आवडली. ती दुहेरी असते आणि मध्ये छर्रे. वरचा भाग हँडलबरोबर फिरतो, खालचा जागचा हलत नाही. ब्रेकची मूठ दाबली की वरच्या वायरच्या दोन शाखा वरच्या भागाला दोन्ही बाजूंनी उचलतात. त्याच्याबरोबर खालचा भाग उचलला जातो, खालच्या दोन वायरी ओढल्या जातात आणि मागचा ब्रेक लागतो. हँडलने शंभर प्रदक्षिणा घातल्या तरी ब्रेकपर्यंत ओढ पोचतेच. पण अट एकच, दोन्ही बाजूंची ओढ सारखी हवी. एक बाजू किंचित जास्त ताणली की कडी तिरकी होते, घासते, खडखडते आणि ब्रेक लुळा पडतो. म्हणून आधी खालच्या वायरी लावायच्या, मग वरच्या, आणि स्क्रू पाव पाव फेरा फिरवीत कडी पाण्यासारखी समपातळीत आणायची.

दाजींनी दोन रात्री हे केले. जुनी कडी समपातळीत येईना. छर्रे झिजले होते. मूठ दाबली की अर्धी ओढ कडीच्या खुळखुळण्यातच संपे.

“राहू दे,” दाजी म्हणाले. “भिंतीवर टांगायची तर आहे.”

माझी चौदा वर्षांची भाची दारात उभी होती. तिचे मराठी मोडके असले तरी थेट असते. ती म्हणाली, “बाबा, आजोबांनी ती टांगायला घेतली होती?”

दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. हातातल्या फडक्याने ते तीच कडी पुनःपुन्हा पुसत राहिले. वडिलांनी दिलेली वस्तू होती तशी ठेवणे हेच त्यांचे श्राद्ध चालले होते, आणि मुलगी तर त्यावर बसून उड्या मारायचे म्हणत होती. मला एकदा वाटले, मध्ये पडावे. पण ज्या गुंत्यात आपला धागा नाही तेथे बोट घालू नये. मी पाना धरून उभा राहिलो.

“नवी कडी पाहायला हवी,” शेवटी ते म्हणाले. “ब्रेक लागत नसेल तर मी तुला बसू देणार नाही.”

एक इंची मापाची कडी मिळायला आठवडा लागला. ती बसविताना वरचा स्क्रू दाजींनी धरला, खालचा भाचीने. “पाव फेरा,” ते म्हणत. ती पाव फेरा फिरवी. कडी सरळ झाली तेव्हा दोघांचे हात काळे होते. जुनी कडी पुसून आजोबांच्या तसबिरीपाशी ठेवली गेली.

ह्या वस्तूला मराठीत काय म्हणतात, असे भाचीने मला विचारले. मी विद्वत्तेला स्मरून ‘गुंतावारक’ असा शब्द दिला. तिने तो दोनदा घोळवून पाहिला आणि म्हणाली, “मामा, गायरोच बरं.”

मग ती सायकल घेऊन गल्लीत गेली. हँडल एकदा गर्रकन फिरवले, दुसऱ्यांदा फिरवले आणि कोपऱ्यावर ब्रेक दाबला. मागचे चाक जागच्या जागी थांबले. दाजी फाटकापाशी उभे होते. ते मराठीत ओरडले, “जपून चालव!”