विकेंडला रोम? छे, तेर!

जानेवारीत मित्रमंडळी युरोपातले फोटो पाठवत होती, तेव्हा मी धाराशिवजवळच्या तेरला दोन दिवस काढले. खरं सांगू? संध्याकाळी सातनंतर करण्यासारखं काही नाही. कॉफी शॉप वगैरे विसराच! आणि ज्यासाठी जायचं, ते प्राचीन शहर आजच्या घरांखाली गाडलेलं. पण हेच ते ‘तगर’. पहिल्या शतकातल्या ग्रीक ‘पेरिप्लस’मध्ये इथून भडोच बंदरात जाणाऱ्या कापडाची नोंद आहे. लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहताना तर अंगावर काटा येतो. तशीच एक १९३८ मध्ये इटलीत, पॉम्पेईला सापडली होती! विटांचं त्रिविक्रम मंदिर, गोरोबाकाकांची समाधी, शेतावरचा गरम हुरडा... एक दिवस मस्त जातो. मुक्काम मात्र धाराशिवलाच करा.