नितळ पाण्याचा भरवसा काय?

बंगळूरच्या घरी काचपेटीत पाणी भरताच लेकीने विचारले, "मासे कधी?" पाणी नितळ होते, पण विष्ठा व उरलेल्या खाद्यातून होणारा विषारी अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जिवाणू रुजायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर रिकाम्या पेटीत चिमूटभर खाद्य टाकून मी पाणी तपासत राहिले. आधी बोअरचे पाणी तपासले. त्यातच नायट्रेट असेल तर पुढचे आकडे फसवतात. थेंब मोजून टाकावेत, घड्याळ लावावे, रंग दिवसाउजेडी पाहावा. पिवळ्या दिव्याखाली अमोनियाचा फिका हिरवा रंग पिवळाच भासतो. अमोनिया व नायट्राइट शून्यावर आले, नायट्रेट चढले, तेव्हाच मासे आणले. मुक्या जिवाला तक्रार करता येत नाही. ती आधी आपणच ओळखायची.