हँडब्रेक

दारव्हा रोडवरच्या चढाला भरलेली पिकअप हँडब्रेकवर थांबेना, तेव्हा गिअरमध्ये टाकून चाकाखाली दगड लावला. कापसाच्या दिवसांत आपल्याकडच्या कितीतरी जुन्या गाड्या याच दगडाच्या भरवशावर असतात. सीटमागे जॅकशेजारी त्याची राखीव जागा.

मिस्त्री म्हणाला, "केबल ताणून देतो नं भाऊ, झालं." हे ताणून देणं मला पटत नाही. दांडा दोन खटक्यांत घट्ट लागतो, माणूस निर्धास्त होतो आणि ड्रममधलं दुखणं तसंच राहतं. आधी मागचे शू जुळवायचे, केबल शेवटी.

पुढची चाकं अडवून मागचा भाग जॅकवर घेतला, गाडी न्यूट्रल. एकेक खटका ओढत चाकं हातानं फिरवून पाहिली. उजवं आवळत गेलं, डावं मोकळंच. ड्रम उतरवला. लायनिंग जाड, कोरडं. म्हणजे व्हील सिलिंडर गळत नव्हता. केबल मात्र आवरणात हलेना. टोकाचं रबर फाटलेलं, तिथून पावसाळाभर काळी माती शिरून वाळलेली, तारेवर गंज. अशी केबल नीट ओढली जात नाही. ओढलीच गेली तर सुटत नाही, मग ड्रम तापतो.

तेल सोडून थोडे दिवस भागलं असतं, मिस्त्रीचं तेच म्हणणं. पण पुढच्या आठवड्यात माल घेऊन पुसदकडच्या घाटातून जायचंय. दोन्ही बाजूंच्या नव्याच टाकायला सांगितल्या. मजुरीवर घासाघीस केली नाही.