द्रव्य, क्षेत्र, काल, भाव

पर्युषण पर्वाच्या तोंडावर गेवराई तालुक्यातील आमच्या कपाशीत डोमकळ्या दिसू लागल्या. मी छायाचित्र काढून शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर सल्ला विचारला. तासाभरात अकरा उत्तरे आली. कोणी तीव्र औषध सुचवले, कोणी दोन औषधे एकत्र करण्यास सांगितले, तर कोणी थांबा म्हणाले. सालगड्याने विचारले, "मालक, पंप भरू का?"

त्या प्रश्नाने मी थबकलो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. सल्ला माझ्या मोबाईलवर आला होता. पंप मात्र त्याच्या पाठीवर जाणार होता.

अनेकांतवाद म्हणजे सर्वांचेच खरे, असा सोयीचा अर्थ आपण काढतो. वस्तुतः कोणते विधान कोणत्या अपेक्षेने खरे, हे तपासणे म्हणजे अनेकांत. म्हणून मी प्रत्येक सल्ला द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव या कसोट्यांवर घासला. कीड नेमकी कोणती? सल्लागाराची जमीन बागायती की कोरडवाहू? त्याची पेरणी केव्हाची? पिकाची आजची अवस्था काय? अकरांपैकी केवळ दोघांनी मला हे विचारले होते. बँकेतील सवयीने एक प्रश्न मी जोडला : सल्ला देणाऱ्याचा त्यात लाभ आहे काय?

मग खामगावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारले. त्यांनी औषध सांगण्याआधी मोजायला सांगितले. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग, अथवा शंभर फुलांत दहा डोमकळ्या, ही नुकसानीची पातळी. आम्ही शंभर फुले पाहिली. डोमकळ्या चारच निघाल्या. सापळ्यांतील पतंगही आठाच्या खालीच राहिले. डोमकळ्या वेचून नष्ट केल्या, पाच टक्के निंबोळी अर्क फवारला आणि मोजणी चालू ठेवली. त्या पंधरवड्यात विषारी फवारणीची वेळ आली नाही.

हिंसा टळली, असे मी म्हणणार नाही. वेचलेल्या कळ्यांत जीव होतेच. शेती ही गृहस्थाची उद्योगी हिंसा आहे. मात्र न मोजता केलेली हिंसा उद्योगी म्हणता येईल का, हा प्रश्न मला सतावतो. संवत्सरीला मी त्या जीवांची क्षमा मागितली आणि पंप भरायला निघालेल्या त्या सालगड्यालाही हात जोडून म्हणालो, मिच्छामि दुक्कडम्.