घडीचा चाकू

काल गुलमंडीच्या बाजारातून घडीचा चाकू आणला. लाकडी मूठ, साध्या पोलादाचं पातं. पहिल्यांदा उघडताना इतका घट्ट की नखाच्या खाचेत अंगठा लाल झाला. सांध्यात तेलाचा एक थेंब सोडला, दहा-बारा वेळा उघडझाप केली. आता उघडताना शेवटी हलकासा ‘टक्’ होतो. तो आवाज मला फार आवडला.

संध्याकाळी दौलताबादचा पेरू कापला. पातं लगेच पुसलं, तरी निळसर डाग उमटलाच. स्टेनलेसवर असं होत नाही. हा डाग मी घासणार नाही. फळांच्या रसाने चढणारा तो करडा थर तांबड्या गंजाला थोडा तरी अडवतो.

दादांचा असाच चाकू होता, पैठणकडच्या मोसंबीच्या बागेतला. जंबेरीच्या खुंटावर इंग्रजी टी अक्षरासारखा छेद घेऊन ते मोसंबीच्या कलमाचा डोळा भरायचे. साल उचलायची, आतलं लाकूड दुखवायचं नाही. बोथट पात्याने साल चिरडते, डोळा वाळतो. म्हणून बागेत जाण्याआधी ओल्या दगडावर धार व्हायचीच. शेवटी शेवटी त्यांचं पातं झिजून निम्मं उरलं होतं.

माझं अजून पुरतं रुंद आहे. उद्या दगड शोधायचा.